गाईला विस्तव दिसला पाहिजे

सोमवार, ४ मार्च १९२९

लोकरीचं सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने नव्या वर्षाला ही डायरी दिली. पहिल्या पानांवर भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, तीही बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्टॉर्नोवे बंदरातली. आमच्या किनाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. उरलेली पानं कोरी आहेत आणि चांगली कोरी पानं वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. म्हणून लिहायचं ठरवलं. सूत संपून माग थांबला की लिहीन. रोज लिहिण्यासारखं आमच्याकडे काही घडत नाही.

आज घडलं. नर्सबाई आल्या. सायकलवरून निघाल्या होत्या, पण वाऱ्यापुढे अर्धा रस्ता सायकल हातात धरूनच चालावं लागलं. बातमी चांगली आहे. आमच्या लेकीच्या, शोनागच्या, मानेवरच्या गाठी बसल्या, जखम भरली, पोरीने अंग धरलंय. गेलं वर्षभर ती शहरातल्या दवाखान्यात आहे. मे महिन्यात डॉक्टर सोडतील. मार्सलीने हातातली किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. माझी बायको एवढ्याशाने गडबडणारी नाही.

पण एक अट आहे. जिथे माणसं आणि गाय एका छपराखाली राहतात आणि एकाच दाराने ये-जा करतात, त्या घरात डॉक्टर पोरीला पाठवणार नाहीत. मध्ये जमिनीपासून छपरापर्यंत भिंत हवी. गाईला वेगळं दार हवं. आमच्या बाजूला उघडणारी खिडकी हवी. नर्सबाई स्वतः येऊन बघणार आणि मग सही करणार.

आई विस्तवाजवळ बसली होती. तिच्या डोळ्यांत आता उजेड-अंधार एवढंच उरलंय. ती म्हणाली, "भिंत घातली तर गाईला विस्तव कसा दिसायचा?"

"गाईला विस्तव कशाला दिसायला हवा, आजी?" नर्सबाईंनी विचारलं. त्या स्काय बेटावरच्या. बोली आमचीच, पण शिकल्या ग्लासगोत.

"पान्हा सोडायला," आई म्हणाली. "विस्तव दिसला नाही तर गाय दूध देत नाही. तुमच्या स्कायला गाईंना कोण सांगतं दूध द्यायला? पाद्री?"

नर्सबाई हसल्या. शोनागला दूध भरपूर लागेल हे त्यांनाही मान्य होतं. निघताना दारात त्या मार्सलीला म्हणाल्या, "मात्र उकळून द्या हं."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "उकळलेलं दूध म्हणजे मेलेलं दूध. पोरगी वर्षभर तेच पीत बसलीय तिथं."

गुरुवार, ७ मार्च

भिंतीला हात घातला. वरच्या उतारावर माझ्या आजोबांचं पडकं घर आहे, तिथले दगड आणतोय. एकदा भिंतीत बसून आलेला दगड पुन्हा नीट बसतो. नवा दगड हट्टी असतो.

शेजारचा रूरी मदतीला येतो. मदत म्हणजे तो दगडावर बसून पाइप ओढतो आणि माझ्या भिंतीला नावं ठेवतो. आज म्हणाला, "टॉर्किल, गाईला वेगळं दार, वेगळी खोली. उद्या ती टपाल पण वेगळं मागेल."

मी म्हणालो, "मागू दे. तुझ्यापेक्षा तिला जास्त अक्कल आहे."

"ते खरंय. ती तुझ्या भिंतीजवळ बसायला आलेली नाही."

आमची गाय कीराग आमच्याकडे बघत उभी होती. कीराग म्हणजे सावळी. हिवाळाभर गोठ्यातलं शेण काढत नाही, वर पेंढा टाकत जातो, त्यामुळे या दिवसांत ती आमच्यापेक्षा उंचावर उभी असते आणि वरून बघते. मध्येच खोकते. आमच्या घरात सगळेच खोकतात. विस्तव मधोमध, धुराला छपरातून जमेल तसा रस्ता काढायचा. पाद्री प्रार्थनेला येतात तेव्हा तेही खोकतात आणि आमेनला थोडा उशीर होतो.

शनिवार, १६ मार्च

भिंत झाली. खिडकी बसली. गाईचं दार बाहेरच्या भिंतीतून फोडलं. ती भिंत माणूस आडवा झोपेल एवढी जाड, म्हणून त्यातच जास्त दिवस गेले. रूरीने एक दिवस खरंच काम केलं आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसला.

स्वतःचं कौतुक करू नये, पण ही डायरी कोणी वाचणार नाही. भिंत सुंदर झालीय. चुना नाही, माती नाही, नुसती दगडावर दगड. फटींत दगडाच्या चिपा अशा ठोकल्यात की सुरीचं पातं जाणार नाही. वर छपरापर्यंत मातीच्या ढेपा.

आईचा पलंग भिंतीला लागूनच आहे. पूर्वी तिथून हात लांब केला की कीरागचं नाक लागायचं. पहाटे गाय उठली की आई उठायची, गाय बसली की आई म्हणायची, चला, झोपा आता. आज तिने उठून भिंत हाताने चाचपली. खालून वरपर्यंत, सावकाश.

"चांगली रचलीस," म्हणाली. "तुझ्या बापाला अशी जमली नसती."

मला बरं वाटलं.

"आता पाड," म्हणाली.

मंगळवार, १९ मार्च

दूध कमी झालं. वासरू फेब्रुवारीत जन्मताच गेलं, तेव्हापासून गाय आखडूनच आहे. पण आज चरवीचा तळ दिसत होता.

आई म्हणाली, "मी काय सांगत होते?"

मार्सली म्हणाली, "आई, मार्च आहे. गावातल्या एका तरी गाईच्या अंगावर मांस आहे का? रूरीच्या गाईला उठवायला चार माणसं लागली."

"उठवायला लागली, पण उठल्यावर दूध देतेय. तिला विस्तव दिसतो."

"रूरीची म्हैससुद्धा विस्तवाशिवाय दूध देईल," मी म्हणालो. आमच्या बेटावर म्हैस नाही. मी एकदा पुस्तकात चित्र पाहिलं होतं. दोघी माझ्याकडे बघून गप्प झाल्या. हाच माझा उपयोग.

मार्सलीला भिंत हवी, कारण भिंतीशिवाय पोर घरी येणार नाही. आईला भिंत नको, कारण दुधाशिवाय पोर जगणार नाही. दोघींना पोरच हवी आहे. आणि भांडताना दोघी माझ्याकडे तोंड करून भांडतात. भांड्याला भांडं लागतं म्हणतात, इथे मधे मी लागतो.

सोमवार, २५ मार्च

एक चमत्कारिक गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी मागावरून घरात आलो तर भिंतीतला वरचा एक दगड खाली. आईच्या पलंगाच्या पायाशी. चिपाही एका जागी गोळा झालेल्या. परत बसवला. शुक्रवारी पुन्हा तोच दगड खाली. शनिवारी पुन्हा.

भिंत रचायला मी बापाकडून शिकलो आणि आजवर माझा दगड पडलेला नाही. आधी कोंबड्यांवर संशय घेतला. मग गाईच्या शिंगांवर. पण शिंगाने ढकललेला दगड आमच्या बाजूला असा अलगद ठेवल्यासारखा पडेल का? मग वाटलं, जमीन बसत असेल.

रविवारी मात्र दगड जागचा हलला नाही. आज सोमवारी पुन्हा खाली.

हे रूरीला सांगितलं. तो पाइप तोंडातून काढून म्हणाला, "म्हणजे भिंत देवाधर्माची आहे. रविवारचा शब्बाथ पाळते."

"जमीन बसतेय," मी म्हणालो.

"आणि रविवारी जमीन चर्चला जाते."

मार्सलीला विचारलं. ती म्हणाली, तिने काही पाहिलं नाही. ती आणि आई सकाळपासून घरातच असतात, तरी दोघींपैकी कोणालाच दगड पडल्याचा आवाज आला नाही. आईचे डोळे गेलेत, पण कान शाबूत आहेत. दूर रस्त्यावर नर्सबाईंच्या सायकलची साखळी तिला माझ्या आधी ऐकू येते.

बुधवार, १० एप्रिल

काल शेणखत काढलं. गोठ्याच्या टोकाची भिंत दरवर्षीप्रमाणे फोडली, अर्धं गाव टोपल्या घेऊन आलं. बायका पाठीवरून, पुरुष गाडीवरून. हिवाळ्याचा सगळा थर बटाट्याच्या शेतात गेला. छपराचा वरचा काजळलेला पेंढाही काढला आणि शेतात टाकला. नव्या पेंढ्याने शाकारणी झाली. मग भिंत परत रचली. सगळ्यांना खारवलेला हेरिंग मासा आणि बटाटे. रूरीने तिघांचं जेवण खाल्लं आणि बाहेर सांगत सुटला की या घरातली माणसंच सगळं खातात, म्हणून गाय वाळतेय.

कीराग आता खाली आली, जमिनीवर. बाहेर उजेडात काढली तेव्हा फार वाईट दिसली. बरगड्या मोजता येतील. पण हा महिनाच तसा.

आणि आज वरचा दगड जागच्या जागी होता. पडला होता तो खालचा, बरोबर गाय आता उभी राहते तेवढ्या उंचीवर.

मार्सलीला म्हणालो, "खताचं वजन गेलं, त्यामुळे पाया हलला असणार. म्हणून आता खालचा."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो. पायाच असणार."

शुक्रवार, १९ एप्रिल

मी मूर्ख आहे. डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

दुपारी सूत तुटलं. गाठ मारायला मेण हवं म्हणून घराकडे आलो. खिडकी उघडी होती. नवीच खिडकी, मीच बसवलेली. आतून आईचा आवाज आला म्हणून डोकावलो. ती पलंगावर गुडघे टेकून बसली होती आणि विणायच्या सुईने चिपा उकरत होती. एकेक चीप मांडीवरच्या एप्रनमध्ये. मग दोन्ही हातांनी दगड ओढला, छातीशी धरला आणि वाकून खाली ठेवला. अलगद. एवढा दगड रूरी एका दमात उचलणार नाही.

पलीकडून कीरागने नाक लावलं.

"आहे गं, विस्तव आहे," आई तिला म्हणाली. "विझलेला नाही. बघून घे आणि दूध दे. पोर यायचीय. तिला काय देऊ मी? चहा?"

मार्सली विस्तवापाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून असणार.

मी मेण न घेताच परत गेलो. मागावर बसलो, पण बराच वेळ काही विणलं नाही. ज्या दगडाने मला महिनाभर छळलं, तो माझी आई रोज छातीशी धरून खाली उतरवत होती आणि मी पाया खचल्याच्या गप्पा मारत होतो. रविवारी भिंत का पडत नाही हे रूरीला केव्हाच कळलं असणार. गावात फक्त मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी दगड परत बसवला नाही. आईला म्हणालो, "जमीन बसेपर्यंत असू दे. नर्सबाई यायच्या आदल्या दिवशी भरू."

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

मंगळवार, ३० एप्रिल

आई म्हणते दूध वाढलं. मार्सलीही म्हणते वाढलं. मी चरवीत बघतो, मला तर कमीच दिसतं. पण घरात शांतता आहे, म्हणून मीही वाढलं म्हणतो.

मार्सलीने भोकावर एक जुनं तागाचं फडकं टांगलंय. कोणी आलं की खाली, कोणी नसलं की वर. दोघी मिळून शोनागचा पलंग खिडकीजवळ लावतायत. वर्षापूर्वी या दोघी एकमेकींशी पोरीच्या मानेवर कोणता लेप लावायचा यावरून आठवडाभर बोलत नव्हत्या.

गुरुवार, ९ मे

नर्सबाई उद्या यायच्या होत्या. आज आल्या. मी दलदलीत पीट, म्हणजे जळणाची माती, कापत होतो, जळणाचे दिवस आहेत. रूरीचा आवाज आला म्हणून धावत आलो. भोक भरायचं राहिलं होतं. फडकं तेवढं खाली होतं.

नर्सबाईंनी खिडकी उघडून-मिटून पाहिली, गाईचं दार पाहिलं, भिंतीवर हात फिरवला. "किती छान काम केलंय," म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्याच वेळी फडकं हललं. आत ओढलं गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत. पलीकडे कीराग श्वास घेत होती.

मार्सलीने डोळे मिटले.

नर्सबाईंनी फडकं बाजूला केलं. भोकातून एक ओलं नाक आणि वर एक डोळा. आई म्हणाली, "जमीन बसतेय." मीच शिकवलेलं.

नर्सबाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "आजी, मी एवढा दगड उद्या बघते असं समजा. उद्या इथं भोक नसलं म्हणजे झालं." त्यांनी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. आमचं काम झालं होतं.

आणि कीराग खोकली.

तसा नेहमीचाच खोकला. हलका, कोरडा, दोन-तीनदा. नर्सबाईंचा हात थांबला.

"ही कधीपासून खोकते?"

"धूर आहे ना, बाई," मी म्हणालो. "आम्ही सगळेच खोकतो."

त्यांनी छपराकडे बघितलं, विस्तवाकडे बघितलं, मग भिंतीकडे. "धूर इकडे आहे, टॉर्किल," त्या म्हणाल्या. "गाय तिकडे आहे."

आपण बांधलेल्या भिंतीचा हा उपयोग मला माहीत नव्हता.

त्यांनी विचारलं, "शोनाग दूध कुठलं प्यायची? हिचंच?"

"दुसऱ्या कोणाचं?" आई म्हणाली. तिला हा प्रश्न आवडला. "आईचं तुटल्यापासून हिचंच. धार काढली की पहिला वाडगा तिचा. मी स्वतः द्यायची, माझ्या हाताने. धारोष्ण. गाळायलासुद्धा थांबायची नाही मी, गार होतं म्हणून. आल्या दिवसापासून पुन्हा सुरू करणार आहे."

नर्सबाईंनी कागद पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "मला गाय दाखवा."

आम्ही बाहेरून फिरून गोठ्यात गेलो. त्यांनी कीरागच्या अंगावर हात फिरवला, कासेवर, मग कानाखाली, मानेपाशी. तिथे थोडा वेळ बोटं ठेवली. मग तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं. शांतपणे, एकेक शब्द. क्षय गाईलाही होतो. गाय खोकते, वाळते, आटते. तो दुधातून पोरांच्या पोटात जातो आणि गळ्यात गाठी होऊन वर येतो. सगळ्या गाठी दुधाच्या नसतात, पण शोनागच्या तशाच होत्या. जनावरांचा डॉक्टर सुई टोचून खात्री करील.

मी विचारलं, "उकळलं असतं तर?"

"तर झालं नसतं," त्या म्हणाल्या. मग घाईने म्हणाल्या, "कोणाचा दोष नाही यात. अर्धं बेट निरसंच पितं."

त्यांची सही झालेली नाही.

शुक्रवार, १७ मे

जनावरांचा डॉक्टर मंगळवारी येऊन सुई टोचून गेला, आज येऊन सूज पाहिली. खात्री झाली. गाय ठेवता येणार नाही. रूरीच्या गाईलाही टोचली होती, ती निरोगी निघाली. दूध आता रूरीकडून यायचं. त्याने स्वतःहून सांगितलं आणि वर काही चेष्टा केली नाही, यावरून प्रकरण किती वाईट आहे ते कळावं.

मी आणि मार्सलीने बटाट्याच्या शेतात उभं राहून ठरवलं. आईला हे सांगायचं नाही. तिला काय सांगायचं? की पोरीला तू जे दिलंस ते? तिचं वय आता असं ओझं उचलायचं नाही. मार्सली रडली. म्हणाली, "कधी कधी मी उकळत ठेवायचे आणि त्या उतरवायच्या. मी परत ठेवायला हवं होतं. भांडायला हवं होतं. एरवी कशावरून भांडत नव्हते मी त्यांच्याशी?"

संध्याकाळी आईजवळ बसलो. म्हणालो, "आई, कीराग उद्या जायची. आटलीय ती, आता नाही उभी राहणार. तुझंच खरं होतं. भिंतीमुळे झालं. विस्तव दिसला नाही तिला."

वाटलं होतं, आता तासभर ऐकावं लागणार. आई विस्तवाकडे तोंड करून बसली होती. एवढंच म्हणाली, "मी सांगत होते."

मग म्हणाली, "शोनागच्या मानेवर वण राहील का रे?"

"थोडासा. केस मोकळे सोडले की दिसणार नाही."

"केस मोकळे," ती म्हणाली. म्हातारपणी माणूस एका विषयावरून कुठल्या कुठे जातं.

सोमवार, २० मे

शनिवारी कीरागला नेली. आईने दावं सोडायच्या आधी तिला हात लावू द्या म्हटलं. दाराने फिरून गोठ्यात जायला तयार नव्हती, भोकातूनच हात घातला. कीरागने तो चाटला. आईने हात लगेच काढून घेतला आणि एप्रनला पुसला, पुन्हा पुन्हा. एरवी ती असा हात तसाच चेहऱ्याला लावायची.

गाय स्वतःच्या पायांनी गेली, दलदलीच्या कडेपर्यंत. खड्डा मी आणि रूरीने खणून ठेवला होता. डॉक्टरने एकच गोळी घातली. माती मऊ होती. परत येताना रूरी म्हणाला, "चांगली गाय होती." मी हो म्हणालो.

काल रविवार. आई चर्चला आली नाही. पाय दुखतो म्हणाली. मला आठवतंय तेव्हापासून ती एकदाही चुकलेली नाही, बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली होती. आम्ही दोघं गेलो. उपदेश लांबला.

परत आलो तर भोक बुजलेलं. दगड जागेवर, चिपा ठोकलेल्या, फट नाही. मी बोटाने तपासलं. माझी रचाई कुठे संपते आणि तिची कुठे सुरू होते, मला सांगता आलं नाही. रविवारी आमच्या गावात कोणी विहिरीचं पाणीसुद्धा आणत नाही, ते शनिवारीच भरून ठेवतात. मार्सलीने भिंत पाहिली, मी पाहिली. आई पलंगावर भिंतीकडे पाठ करून पडली होती. तिच्या बोटांची सालं निघाली होती. मार्सलीने लोकरीची चरबी आणून लावली.

शुक्रवार, २४ मे

शोनाग आली.

उंच झालीय. गाल भरलेत. दवाखान्यातलं इंग्रजी शिकून आलीय आणि मधून मधून आमच्यावर पाडते. नर्सबाईंनी परवा सही केली, आज त्याच तिला मोटारीतून घेऊन आल्या. अर्धं गाव दारात. रूरीने विचारलं, "काय गं, आम्हाला विसरलीस की नाही?" ती म्हणाली, "तुम्हाला विसरायला बघत होते, पण पाइपचा वास अंगणापर्यंत आला." घरातलंच रक्त.

आत आल्याबरोबर आईच्या पलंगाकडे धावली आणि भिंतीसमोर थांबली.

"कीराग कुठंय?"

आई म्हणाली, "तुझ्या बापाने भिंत बांधली. बिचारीला विस्तव दिसेना. आटली आणि गेली."

शोनागने माझ्याकडे असं बघितलं की पुष्कळ दिवस ती मला माफ करणार नाही. मी म्हणालो, "हो. मीच बांधली."

मग दुधाची वेळ झाली. रूरीच्या घरचं दूध आलं होतं. मार्सलीने ते विस्तवावर ठेवलं आणि आईकडे बघत राहिली, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. दूध वर आलं. मार्सली उतरवायला गेली.

"राहू दे," आई म्हणाली.

"उकळलं, आई."

"अजून उकळू दे."

ती उठून विस्तवाजवळ येऊन बसली. तिला भांडं दिसत नाही. कान लावून बसली. दूध पुन्हा वर आलं, मार्सलीने भांडं उचललं, खाली बसलं तसं परत ठेवलं. आई म्हणाली, "अजून." घरात करपल्याचा वास सुटला. नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

शोनाग म्हणाली, "आजी, उकळलेलं दूध मेलेलं असतं. तूच सांगायचीस."

"म्हातारी काहीही सांगते," आई म्हणाली. "तिचं ऐकायचं नसतं."

वाडगा मार्सलीने भरला. आईने हात पुढे केला नाही. हात मांडीखाली दाबून बसली. शोनाग नाक मुरडत दूध प्यायली, अर्धं टाकून पोरांच्या घोळक्यात बाहेर पळाली.

नर्सबाई गेल्या. मी गोठ्यात गेलो. आता तिथे माग आणून ठेवावा असं मनात आहे. त्या दिवशी नर्सबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या ती जागा पाहिली. त्या हळू बोलल्या होत्या, मीही. पण भोक त्यांच्या खांद्याशीच होतं, आणि पलीकडे आईची उशी.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तीही मला काही सांगणार नाही. मघाशी तिने विस्तव राखेखाली झाकला आणि भिंतीच्या त्या दगडावरून एकदा हात फिरवला. मग मला म्हणाली, "चांगली रचली आहे. राहू दे."